किल्ल्यापुरता राजा

पीटर मॉर्गन यांनी लिहिलेला आणि स्टीफन फ्रिअर्स यांनी दिग्दर्शित केलेला ‘द क्वीन’ हा २००६ सालचा इंग्रजी चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातील सारा कलह एका रिकाम्या ध्वजस्तंभाभोवती पेटलेला आहे हे आठवत असेल. ३१ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसमधील मोटार अपघातात माजी राजस्नुषा डायना मरण पावली, तेव्हा राणी एलिझाबेथ आपल्या कुटुंबासह स्कॉटलंडमधील बाल्मोरल येथे होती. इकडे लंडनमध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकापुढे फुलांचे ढीग साचत होते आणि वाड्यावरील निशाणकाठी मात्र उघडीच होती. त्या काठीवर फक्त राजचिन्हांकित निशाण चढावयाचे, तेही राणी वाड्यात असेल तेव्हाच, आणि सिंहासन एक क्षणही रिक्त नसल्यामुळे ते कोणाच्याही मृत्यूसाठी अर्ध्यावर उतरावयाचे नाही, असा तेव्हा तेथील परंपरेचा दंडक होता. लोकांना हा दंडक ठाऊक नव्हता. ठाऊक असता तरी त्या आठवड्यात त्यांनी तो मानला नसता. वर्तमानपत्रांनी मोठ्या मथळ्यांनी राणीला जाब विचारला, चारच महिन्यांपूर्वी निवडून आलेले पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी नाना परींनी तिची मनधरणी केली, आणि अखेर ५ सप्टेंबरला राणी लंडनला परतली, फुलांच्या त्या राशींपाशी पायी चालत गेली आणि त्याच संध्याकाळी दूरचित्रवाणीवरून आपल्या प्रजेशी बोलली. दुसऱ्या दिवशी, अंत्ययात्रेच्या वेळी, वाड्यावर राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरलेला जगाने पाहिला.

या चित्रपटातील दोन प्रसंग विशेष विचार करण्याजोगे आहेत. पहिल्यात राणी स्वतः गाडी चालवीत डोंगरात जाते, ओढ्यात गाडी अडकते, आणि मदतीची वाट पाहत बसलेली ती एकाकी वृद्ध स्त्री रडू लागते. पण प्रेक्षकाला तिचा चेहरा दिसत नाही, दिसते ती केवळ पाठ, आणि इतक्यात समोर एक भव्य सांबरासारखा मृग येऊन उभा राहतो. दुसरा प्रसंग फाटकापुढचा. फुलांवर खोवलेल्या चिठ्ठ्यांतून आपल्याच कुळाविषयीचे कठोर शब्द वाचून राणीचा चेहरा उतरलेला असताना एक लहान मुलगी हातात फुले घेऊन उभी दिसते; ती मी तेथे ठेवू का, असे राणी विचारते, मुलगी नको म्हणते, आणि राणी क्षणभर दुखावते; पण ती फुले मृतेसाठी नसून राणीसाठीच आणलेली असतात. हेलन मिरेन यांना या भूमिकेबद्दल उत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले, ते अशा जागांमुळे. चित्रपट राणीची कुचेष्टा करीत नाही, लोकांचीही करीत नाही. ज्या व्यक्तीच्या हाती राज्यकारभाराचा एकही अधिकार उरलेला नाही तिच्याकडून लोक काय मागतात आणि ते मागण्याचा त्यांना कोणता हक्क आहे, एवढे एकच कोडे तो मोठ्या निष्ठेने मांडतो.

हे कोडे विसाव्या शतकातील इंग्लंडचेच नव्हे. लंडनच्या त्या आठवड्याच्या दोनशे वर्षे आधी, कावेरीच्या मुखाकडील सुपीक खोऱ्यात, मराठी बोलणाऱ्या एका राजाला ते सोडवावे लागले होते, आणि त्याला आठवड्याची नव्हे तर चौतीस वर्षांची मुदत मिळाली. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले यांच्या चरित्रावर जर कोणी असा चित्रपट काढील, तर त्याला कल्पनेचा आश्रय फारच थोडा घ्यावा लागेल.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी मिळविली आणि तेव्हापासून १८५५ पर्यंत ती भोसले कुळात राहिली. प्रजा तमिळ, पूर्वीच्या नायक दरबाराची भाषा तेलुगू, आणि राजकुळ मराठी, अशी ही विलक्षण रियासत होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्काटचा नबाब महंमद अली याच्या कर्जबाजारी लोभाने आणि त्याला कर्ज देणाऱ्या मद्रासच्या इंग्रजांच्या त्याहून मोठ्या लोभाने तिच्याभोवती फास आवळला. १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेच्या मदतीने नबाबाने तंजावर घेतले, तुळजाजी राजे कैद झाले. पण लंडनमध्ये यावरून वादळ उठले आणि कंपनीच्या संचालकांच्या हुकमाने मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट याने १७७६ मध्ये राजांना गादी परत दिली. या कृत्याबद्दल पिगटला त्याच्याच कौन्सिलातील विरोधकांनी अटकेत टाकले आणि तो अटकेतच मरण पावला. कावेरीकाठच्या या लहानशा राज्यासाठी इंग्लंडच्या पार्लमेंटात भाषणे झाली, एडमंड बर्कसारख्या वक्त्याने आपली वाणी झिजविली. म्हणजे राजावरचे दडपण आणि दूरदेशीचे लोकमत या दोहोंचा परिचय तंजावरला सरफोजींच्या आधीच झालेला होता.

तुळजाजी १७८७ मध्ये निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी भोसले कुळाच्या दुसऱ्या शाखेतील दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि ख्रिस्ती मिशनरी श्वार्ट्झ याला त्याचा पालक म्हणून विनविले. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी या दत्तकावर आक्षेप घेतला. मुलगा आपल्या जन्मदात्याचा एकुलता एक आहे, त्याचे वयही अधिक झाले आहे, म्हणून दत्तविधान अशास्त्र, असा अभिप्राय काही पंडितांनी दिला, कंपनीने तो मानला आणि अमरसिंग गादीवर बसले. पुढची दहा वर्षे त्या मुलाने राजवाड्याच्या आवारात उपेक्षेत आणि नंतर मद्रासेत काढली. श्वार्ट्झ आणि मग दुसरे मिशनरी गेरिके यांच्याजवळ त्याचे इंग्रजी शिक्षण झाले. दरम्यान त्याच्या बाजूने अर्जविनंत्या चालूच होत्या, आणि काशी व कलकत्ता येथील पंडितांनी उलट निर्णय दिल्यावर १७९८ च्या जूनअखेर सरफोजी मसनदीवर आले. येथे धर्मशास्त्राने एकदा एक बाजू घेतली आणि एकदा दुसरी. पण दोन्ही वेळां शास्त्राचा अर्थ कोणाच्या तोंडून ऐकावयाचा हे कंपनी ठरवीत होती. वीस वर्षांच्या त्या तरुणाने हे ओळखले नसेल असे म्हणवत नाही, कारण त्याच्या साऱ्या पुढील आयुष्यात शास्त्र, ग्रंथ आणि पंडित यांविषयीची जी तळमळ दिसते तिला या अनुभवाचा स्पर्श आहे असे मला वाटते.

गादीची किंमत पुढच्याच वर्षी चुकती करावी लागली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा सगळा मुलकी व लष्करी कारभार कंपनीकडे गेला. राजांना सालीना एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा मिळावयाचा, आणि त्यांची हुकमत तंजावरच्या किल्ल्यापुरती राहावयाची. सैन्य नाही, महसूल नाही, न्यायदान नाही; किताब आहे, दरबार आहे, सलामी आहे. घटनाबद्ध राजेपद म्हणून आज ज्याला आपण म्हणतो ते इंग्लंडात सावकाश पिढ्यान्‌पिढ्या घडत आले. तंजावरच्या राजाला ते कागदाच्या एका तावावर, परक्याच्या हस्ताक्षरात, एका दिवसात मिळाले. अशा वेळी बहुतेक संस्थानिकांनी जे केले ते याही राजाने केले असते, तर इतिहासाने त्याचे नाव घेतले नसते. पण त्याच्यापुढे लगेच एक प्रश्न उभा राहिला, आणि त्या प्रश्नात त्याचा सारा स्वभाव प्रकट झाला.

तो प्रश्न छत्रांचा. तंजावरहून रामेश्वराकडे जाणाऱ्या मार्गावर भोसले राजांनी, बहुधा राण्यांच्या नावे, मोठमोठी अन्नछत्रे बांधली होती. नीडामंगलमचे यमुनांबा छत्र त्यांतलेच, आणि ओरत्तनाडचे मुक्तांबा छत्र पुढे सरफोजींनीच उभारले. या छत्रांना गावे इनाम होती. कारभार कंपनीकडे गेला तेव्हा छत्रेही तिच्याच अखत्यारीत जाणार, हे दिसू लागले. १८०१ च्या आरंभी सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटला एक लांब पत्र लिहिले. आपला मान, आपले उत्पन्न, आपले हत्तीघोडे यांविषयी त्यात कैफियत नाही. छत्रांत काय चालते एवढेच त्यांनी तपशिलाने सांगितले आहे. ब्राह्मणापासून परयापर्यंत, जोगी, जंगम, अतीत, बैरागी, जो कोणी वाटसरू येईल त्याला अन्न मिळते. ज्याला शिजवलेले चालत नाही त्याला कोरडा शिधा मिळतो. पावसाने वाट अडली तर वाट मोकळी होईपर्यंत त्याने राहावे. रोग, सूज, सर्पविष यांवर उपचार करणारे वैद्य तेथे नेमलेले आहेत. आजारी पडलेल्याला बरे होईपर्यंत पथ्याचे जेवण मिळते, लेकरांना दूध मिळते, वाटेत बाळंत होणाऱ्या स्त्रीची सर्व व्यवस्था होते, आणि कोणी तेथेच मेला तर त्याच्या जातीच्या रीतीने त्याचे और्ध्वदेहिक होते. अनाथ मुले तेथे वाढतात, विद्यार्थी तेथे शिकतात. आणि दिवसभर अन्नदान होऊन गेल्यावर मध्यरात्री घंटा वाजवितात, म्हणजे कोणी उपाशी झोपला असेल तर त्याने उठून यावे.

ही मध्यरात्रीची घंटा मला त्या पत्रातील सर्वांत मोठे राजवैभव वाटते. तहाने राज्य गेले ते त्यांनी सोडले. पण प्रजेने ज्या गोष्टीसाठी राजाकडे पाहावयाचे ती गोष्ट त्यांनी सोडली नाही. छत्रे माझ्या हातून काढून घेतलीत तर लोकांत माझी अप्रतिष्ठा होईल, असे ते कंपनीला स्पष्टपणे बजावतात, आणि या वाक्यामागे स्वार्थ मुळीच नव्हता असे कोणी म्हणू नये. राजाला लोकनिंदेचे भय वाटावे हे मी उणेपण मानीत नाही. ज्याच्यावर कोणताही कायदा चालत नाही त्याच्यावर तेवढाच एक अंकुश असतो. छत्रे राजकुळाकडे राहिली.

यानंतर जे घडले ते कमी अधिक प्रसिद्ध आहे. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या प्राचीन चोळ मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठी भाषेत, देवनागरी लिपीत कोरविले गेले. बाबूराव चिटणीस यांनी रचलेली ही एवढी मोठी बखर दगडावर उतरलेली पाहून महाराष्ट्रातून जाणारा यात्रेकरू आजही थबकतो. राजाला आपला वंश भिंतीवर लिहावासा वाटावा, आणि तोही राज्य गेल्यानंतर चौथ्याच वर्षी, यात एक वेदना आहे. पण ते चरित्र दरबारात न ठेवता सर्व लोक जेथे दर्शनाला येतात तेथे लावले गेले, हेही ध्यानात घेतले पाहिजे. किल्ल्यात धन्वंतरी महाल उभा राहिला, तेथे देशी वैद्य आणि युरोपीय डॉक्टर दोघांची चिकित्सा चाले. नेत्ररोग्यांची टिपणे, प्रत्येकाच्या डोळ्याचे चित्र काढून, जपून ठेवलेली आहेत, आणि पटलावर आलेली मोतीबिंदूची पांढरी छाया त्या चित्रांत कुंचल्याने दाखविलेली आहे. नागरी टाइपांचा छापखाना निघाला आणि इसापाच्या कथा ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या, त्या वेळी मुंबई-पुण्याकडे मराठी पाठ्यपुस्तकांचे युग उजाडावयाचे होते. आणि नायकांच्या काळापासून चालत आलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयाला सरफोजींनी आजचे रूप दिले. १८२० ते १८२२ या काळात ते मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेला गेले, तेव्हा परतताना हस्तलिखिते जमवून आणली. विलायतेहून मागविलेल्या ग्रंथांवर त्यांनी स्वतःच्या हाताने इंग्रजीत सही केलेली आढळते.

नाटकाचा संबंध मी मुद्दाम मागे ठेवला होता. राजा आणि रंगभूमी यांचा घरोबा तंजावरात सरफोजींच्या शंभर वर्षे आधीचा आहे. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी तेलुगू, तमिळ, मराठी, संस्कृत अशा भाषांत नाटके रचली. त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे १६९० च्या सुमाराचे मराठी नाटक विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधील सांगलीच्या प्रयोगाहून दीडशे वर्षे जुने आहे. सरफोजींनी या वारशाला आपल्या काळाचे वळण दिले. कुरवंजी हा दक्षिणेतील लोकप्रिय नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी कुरव जातीची स्त्री विरहिणी नायिकेला तिच्या प्रियकराची वार्ता सांगते आणि प्रसंगाने आपल्या डोंगरादऱ्यांचे वर्णन करते. सरफोजींच्या मराठी ‘देवेंद्र कोरवंजी’त ही कुरवंजी इंद्राणीला पृथ्वीचा भूगोल सांगते: खंडे कोणती, समुद्र कोणते, देश कोणते. जो राजा किल्ल्याच्या तटाबाहेर हुकूम काढू शकत नव्हता त्याने रंगभूमीवर एका भटक्या स्त्रीच्या मुखाने साऱ्या पृथ्वीची ओळख करून द्यावी, ही गोष्ट कोणत्याही पटकथाकाराला सुचली असती तर ती फार रचलेली वाटली असती. दुसरीकडे, कोट्टैयूर शिवकोळुंदु देशिकर या तमिळ कवीने सरफोजींनाच नायक करून ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ लिहिली आणि ती बृहदीश्वराच्या मंदिरात उत्सवात होत असे. परभाषी प्रजेच्या कवीने राजाला आपल्या मंदिराच्या नाट्यात जागा दिली, याहून अधिक बोलके लोकमत कोणते असेल?

त्यांच्यावर दोष येत नाही असे नाही. बोनापार्टच्या पाडावाचा आनंद म्हणून समुद्रकाठी मनोरा हा अष्टमजली बुरूज त्यांनी बांधला; ज्या सत्तेने आपले राज्य नेले तिच्या विजयासाठी चुना-विटा खर्चाव्यात हे मराठी मनाला सोसत नाही, आणि मलाही सोसत नाही. पण १८२६ मध्ये कलकत्त्याचा बिशप हेबर तंजावरास आला, तेव्हा लाव्हाझिये, लिनीयस, ब्यूफाँ यांविषयी सहज बोलणाऱ्या या राजाला भेटून, आजवर पाहिलेल्या अनेक मुकुटधाऱ्यांत याच्याहून अधिक राजोचित वागणुकीचा पुरुष पाहिला नाही असा त्याने निर्वाळा दिला. राजपुत्र शिवाजीला शिक्षणासाठी बरोबर नेण्याची तयारीही हेबरने दाखविली होती. वडील राजी होते, आई राजी झाली नाही. त्या मातेच्या नकाराला दोष कसा द्यावा? अवघ्या काही दिवसांत तिरुचिरापल्लीस हेबरचाच अकस्मात मृत्यू झाला.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी वारले. त्यांच्या अंत्ययात्रेला नव्वद हजारांवर माणसे लोटली होती असे सांगतात. शिवाजीराजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी पुत्रावाचून मरण पावले, तेव्हा डलहौसीच्या राज्यखालसा धोरणाचा तो उत्कर्षकाळ होता. धाकट्या राजकन्येला वारस मानावे असे खुद्द रेसिडेंट फोर्ब्स याने सुचविले. संचालकांनी ते फेटाळले. मग त्याच फोर्ब्सला १८ ऑक्टोबर १८५६ रोजी शिपायांसह राजवाड्यात शिरून जडजवाहीर, खजिना, ग्रंथ, सारी चीजवस्तू जप्त करावी लागली. दालनांवर मोहरा आणि दारांवर पहारे बसले. राज्य नव्हे, तर घर जप्त झाले होते. तेव्हा पडद्यात वाढलेल्या थोरल्या राणी कामाक्षीबाई साहेब यांनी कंपनीविरुद्ध मद्रासच्या सुप्रीम कोर्टात फिर्याद लावली आणि ती जिंकली.

या विजयाचा अर्थ आज पुरता लक्षात येत नाही. हा काळ १८५७ च्या आगेमागेचा; उत्तरेत राजवाडे तोफांनी उडत होते आणि दक्षिणेत एक विधवा राणी वकील देऊन, कागदपत्र मांडून, खाजगी मालमत्ता आणि राज्य यांतला फरक इंग्रज न्यायाधीशांकडून मान्य करून घेत होती. कंपनीने वर अपील केले. २७ जुलै १८५९ रोजी प्रिव्ही कौन्सिलच्या वतीने लॉर्ड किंग्जडाउन यांनी निवाडा दिला, की ही जप्ती सार्वभौम सत्तेचे राजकीय कृत्य आहे. ती न्याय्य होती की अन्याय्य, हे पाहण्याचा अधिकार कोणत्याही मुलकी न्यायालयाला नाही. ‘कामाची बोये साहेबा’ असे विद्रूप झालेले राणीचे नाव या निवाड्याच्या मथळ्यावर राहिले आणि राज्याच्या कृत्यापुढे न्यायालयाचा हात कोठे थांबतो हे शिकविताना तो खटला आजही कायद्याच्या वर्गांत निघतो.

न्यायालयाने नाकारले ते पुढे सरकारने मेहेरबानी म्हणून दिले: १८६२ च्या हुकमाने खाजगी मिळकत राण्यांना परत मिळाली, आणि तिच्या वाटणीचे तंटे त्यानंतर साठ वर्षे मद्रासच्या हायकोर्टात चालले. सरस्वती महाल मात्र या वाटण्यांतून निसटला. १९१८ मध्ये तो सार्वजनिक झाला. १९८३ मध्ये त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते तेथे आहेत, आणि राजदरबाराच्या रोजच्या कारभाराची मोडी दप्तरे बस्त्यांमागून बस्ते.

पीटर मॉर्गन यांनी पुढे ‘द ऑडियन्स’ हे नाटक आणि ‘द क्राउन’ ही मालिका लिहिली. एका राणीच्या कारकिर्दीत एवढे नाट्य सापडू शकते. मराठी पटकथाकाराला तंजावरच्या किल्ल्यात तितकेच सापडेल. दरबार सदर उभी आहे, श्वार्ट्झच्या मृत्युशय्येपाशी उभ्या राहिलेल्या सरफोजींचे शिल्पकार फ्लॅक्समनने घडविलेले संगमरवरी चित्र तेथील चर्चमध्ये आहे, संवादांची भाषा मराठी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशी चौपदरी आपोआप मिळते. अडचण एकच आहे. छत्रात किती तांदूळ शिजला, वैद्याला किती पगार मिळाला, नाटकमंडळीला कोणते वस्त्र दिले, हे सारे ज्या मोडी कागदांत आहे ते वाचणारी माणसे आपल्याकडे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील काही कागदांची तमिळ भाषांतरे खंडशः प्रसिद्ध केली आहेत. तूर्त मराठी लेखकाला आपल्याच राजाचे दप्तर वाचावयाचे, तर बहुधा प्रथम तमिळ शिकावे लागेल, आणि ते शिकून कोणी हे काम अंगावर घेतले तर त्याच्या कष्टांचे चीज होईल एवढे साहित्य तेथे निश्चित आहे.